चार अर्धे भोवरे

पहाटे साडेपाचला ल्युब्लियानाच्या धुक्यात
येर्नेया गाडी काढते.
मागच्या सीटवर बर्फाची बादली,
तिला पट्टा बांधलेला.
शहराबाहेर, कत्तलखान्याच्या मागच्या दारी
लुडविक पिशवी देतो: चार मेंदू, अजून कोमट.
उशीर झाला तर आतलं प्रथिन मरतं.
म्हणजे, तसं म्हणतात.
जिवंत ते कधी नव्हतंच.

तीन वर्षं हा व्यवहार मुक्यानेच चालला.
या नोव्हेंबरात त्याने विचारलं,
"तुम्ही याचं करता काय? सूप तर नाही ना?"
ती म्हणाली, "चालायला लावते."

म्हणून तो शनिवारी आला,
दाढी घोटून, लग्नातलं जाकीट घालून,
घरच्या अक्रोडांची पुडी घेऊन.
बूट काढायचे का, ते दारातच विचारलं.

पडद्यावर काळोख, काळोखात एक गोळा,
केसाच्या जाडीहूनही लहान.
आतल्या भिंतीला नळ्या चिकटलेल्या,
कुणी तेल लावून विंचरल्यासारख्या,
आणि नळ्यांवर दोन पायांची प्रथिनं,
पाठीला पाठ बांधलेली.
एक पाऊल, एक रेणू इंधन.
एक मीटर म्हणजे साडेबारा कोटी पावलं.
मीटरभर कुणीच जात नाही.
ही या नळीवर चालते, ती त्या नळीवर,
आणि नळ्याच एकमेकींवरून सरकतात.
नुसती ओढाताण.
लांबून पाहिलं तर लाट.

गोल गोळा कितीही नीट विंचरा,
कुठेतरी भोवरा राहतोच.
आमच्याकडे पोराच्या डोक्यावर दोन भोवरे असले
की दोन लग्नं होणार म्हणतात.
इथे चार, पण प्रत्येक अर्धाच.
बेरीज दोन.
लग्नांचं गणिताला विचारू नये.
चौघेही शेपूट वळवत पळतात, धूमकेतूसारखे,
एकमेकांना टाळत,
कधी समोशाच्या टोकांसारखे चार दिशांना,
कधी एकाच कमरपट्ट्यावर.
गोळ्यातलं पाणी जरा कमी केलं
की कातडी सैल पडते
आणि त्याला बोटं फुटतात.
बाहेर. आत. बाहेर.

लुडविकने खुर्ची पुढे ओढली.
"हा मंगळवारचा?"
"मंगळवारचा."
"मग तो गोऱ्हा असणार. पिवळा बिल्ला,
शेवटचे आकडे एक्केचाळीस.
कपाळावर भोवरा होता. एकच."

मग बऱ्याच वेळाने,
"याला जायचंय कुठे?"
"कुठेच नाही. इकडची ओढ, तिकडची ओढ,
मिळवली की शून्य."
"तरी हलतोय."
यावर तिने दोन शोधनिबंध लिहिले होते.
पहिल्यात 'जिवंत' असा शब्द होता एका ठिकाणी.
परीक्षकाने तो खोडून वर 'सक्रिय' लिहिलं.
आता तीही विद्यार्थ्यांच्या वह्यांत तेच करते.

बोटं आखूड झाली.
भोवरे रेंगाळू लागले,
दुकान बंद व्हायच्या वेळी गिऱ्हाईक रेंगाळतं तसे.
"घाला ना आणखी थोडं."
"आत जायला दार नाही.
तोंड मिटतानाच शिदोरी बांधून द्यावी लागते.
ही बाराला बांधलेली."

तो काही बोलला नाही.
खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप काढत होतं,
किल्ली लागत नव्हती.

शेवटचा भोवरा अर्ध्या वळणावर राहिला
आणि लुडविकचं मनगट सवयीनेच वळलं.
"चार वाजून सात मिनिटं."
त्याला रोज लिहावं लागतं,
प्रत्येक बिल्ल्यापुढे.

येर्नेयाच्या वहीत तसा रकाना नव्हता.
तिने समासात वेळ लिहिली,
पेन उचललं,
पुन्हा टेकवलं,
आणि पुढे लिहिलं: एक्केचाळीस.